पडद्यावरचे गाडगेबाबा

गायकाचे जीवन पडद्यावर आणायचे, तर कथेची वाट बहुधा ठरलेली असते. दारिद्र्यातले बालपण, कुणा जाणकाराच्या कानी पडलेला गळा, मग कीर्ती, कीर्तीच्या पाठोपाठ मद्य आणि घरातला दुरावा, अखेरीस सावरणे. अमेरिकेतील ग्रामीण गीतांच्या गायिका लोरेटा लिन यांच्या जीवनावर १९८० साली ‘कोल मायनर्स डॉटर’ हा चित्रपट निघाला. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या मजुराची लेक देशभर कशी गाजली, याची ती हकिगत. सिसी स्पेसेक या अभिनेत्रीने त्यातील गाणी स्वतःच्या आवाजात गाऊन ऑस्कर मिळवले.

त्याच्या तीन वर्षे आधी, १९७७ साली, आपल्या वऱ्हाडातील एका गाणाऱ्या माणसावर मराठीत चित्रपट निघाला होता. त्याचे नाव ‘देवकीनंदन गोपाला’. ज्या नामघोषाने गाडगेबाबा आपले कीर्तन रंगवीत, तोच शीर्षक म्हणून घेतलेला. बाबांना कुणी गायक म्हणत नाही, हे खरे. पण अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत शेतमजुरांना रात्र रात्र जागवणारा त्यांच्याइतका दुसरा आवाज शोधावा लागेल. टाळ-मृदंगाचा थाट नसला तरी त्यांचे अडत नसे.

मात्र या चित्रपटाची वाट त्या ठरलेल्या वाटेच्या उलट दिशेने जाते. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परिटाच्या घरी झाला. वडील दारूपायी अकालीच गेले. आई मुलाला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. तेथे डेबू गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. म्हणजे इतर गायकांच्या कथेत मद्य मध्यावर येते, ते येथे आरंभीच येऊन घर मोडून गेले होते. त्याचा धडा त्यांनी जन्मभर विसरला नाही. मुलीच्या बारशाला जातरिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. सावकारीच्या फासात मामाची जमीन गेलेली त्यांनी पाहिली. १९०५ साली भरला संसार सोडून ते निघाले ते अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे आणि हाती खराटा घेऊन. कीर्ती आली, पण तिचे त्यांनी काहीच घेतले नाही. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा, घाट आणि शाळा उभ्या राहिल्या. स्वतः ते भाकर मागून खात राहिले.

या चित्रपटामागची माणसेही पाहण्यासारखी आहेत. दिग्दर्शक राजदत्त मूळचे विदर्भातले. २०२४ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. चित्रपटाच्या कथेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते गो. नी. दांडेकर १९१६ साली परतवाड्याला जन्मले. कोवळ्या वयात घर सोडून निघालेल्या या मुलाने काही काळ प्रत्यक्ष बाबांच्या सहवासात काढला होता. म्हणजे या कथेच्या पाठीशी ऐकीव माहिती नव्हती, एक साक्षीदार होता.

बाबांची भूमिका केली ती डॉ. श्रीराम लागू यांनी. पेशाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद, रंगभूमीवरचे ‘नटसम्राट’, आणि देवाला निवृत्त करा असे उघडपणे म्हणणारे नास्तिक. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकोबांशी इतके एकरूप झाले, की पुष्कळांच्या मनात तुकोबांना त्यांचाच चेहरा मिळाला. मग संताचे सोंग देव न मानणाऱ्याने घ्यावे हे कसे, असा प्रश्न आपल्या वाचकांपैकी कुणाच्या मनात येईल. मला ही निवड उचित वाटते. बाबा पंढरीला जात, पण त्यांचा वेळ रांगेत उभे राहण्यात नव्हे, वारकऱ्यांनी केलेली घाण झाडण्यात जाई. दगडाच्या देवापुढे बोकड कापणाऱ्यांना ते कीर्तनात जे प्रश्न विचारीत, ते एखाद्या नास्तिकालाही आपलेच वाटावेत. फरक एवढाच, की बाबा तेथे थांबत नसत. देव मूर्तीत नाही म्हटल्यावर तो भुकेल्यात, रोग्यात, अडाण्यात आहे, हे ते सांगत आणि लगेच झाडू उचलीत.

तरीही एक गोष्ट कोणत्याही चित्रपटाला साधणारी नाही. मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेले बाबांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आणि आज ते सहज ऐकता येते. ऐकताना प्रथम जाणवते ती वऱ्हाडी बोली, आणि नंतर जाणवतो तो श्रोत्यांचा आवाज. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात. उत्तर चुकले तर बाबा पुन्हा विचारतात. कर्ज काढू नका, दारूला शिवू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा, हे सारे या प्रश्नोत्तरांतून निघते. ते कीर्तन निम्मे बाबांचे आणि निम्मे लोकांचे आहे. चित्रपटगृहातला प्रेक्षक मात्र अंधारात मुकाट बसतो. पडद्यावरच्या बाबांनी प्रश्न केला तर त्याचे उत्तर पडद्यावरचाच जमाव देतो.

आम्हा धर्मगुरूंना हे विशेष जाणवावे. सेमिनरीत आम्हाला प्रवचनाचे शास्त्र शिकवले जाते. आरंभ, मुद्दे, समारोप. परंतु प्रभू येशूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगितला, तो उपदेशाने संपवला नाही. खरा शेजारी कोण ठरला, हे त्याने ऐकणाऱ्यालाच विचारले आणि त्याच्याच तोंडून उत्तर घेतले. निरक्षर डेबूजींना ही रीत कोणत्या विद्यापीठात मिळाली? पुढे त्यांच्याच नावाचे विद्यापीठ अमरावतीत झाले, ही गोष्ट निराळी.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला येताना वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली त्यांच्याच शिक्षणसंस्थेच्या हवाली केली होती.

वाचकहो, हा चित्रपट मुलांना सोबत घेऊन अवश्य पाहावा. मग दुसऱ्या दिवशी ते ध्वनिमुद्रण लावावे आणि बाबांच्या प्रत्येक प्रश्नापाशी ते थांबवून घरातल्या प्रत्येकाला उत्तर द्यायला लावावे. मुलांची उत्तरे आधी घ्यावीत. घरात कर्ज कशासाठी काढले, बाटली कुणासाठी आली आणि फी कुणाची राहिली, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.