बावन्नावा रस्ता, त्रेसष्टावा रस्ता

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन बेटावर पांचव्या व सहाव्या हमरस्त्यांच्या दरम्यान बावन्नाव्या रस्त्याचा जो तुकडा आहे, तेथें आज पाहण्याजोगें फारसें कांहीं उरलेलें नाहीं. दुतर्फा कचेऱ्यांचे मनोरे आणि ‘स्विंग स्ट्रीट’ अशी एक पाटी, एवढाच काय तो मागमूस. परंतु १९३५ नंतरचीं दहा-बारा वर्षें याच टापूंत, तांबूस दगडाच्या जुन्या घरांच्या खालच्या मजल्यांत, ‘ऑनिक्स’, ‘थ्री ड्यूसेस’, ‘फेमस डोअर’ असे क्लब एकमेकांस खेटून होते, व जाझ संगीताचे उत्तमोत्तम वादक तेथें रात्र-रात्र वाजवीत. न्यू जर्सींत पुतण्याकडे आमचा मुक्काम असतां त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलास बरोबर घेऊन आम्ही हा भाग पायीं हिंडलों. चिरंजीव पियानो शिकतात, व वादकाची थोरवी त्याच्या बोटांच्या वेगावरून ठरवितात.

जाझ म्हणजे काय हें अगोदर सांगितलें पाहिजे. वादक एखादें लोकप्रिय गाणें घेतो. चार-चार मात्रांचे बहुधा बत्तीस खंड मिळून त्याचें एक आवर्तन होतें. मूळ चाल एकदां वाजवून झाली कीं ती बाजूस ठेवावयाची, आणि तिच्याखालीं जी स्वरसंघांची सांखळी असते तेवढी कायम राखून प्रत्येक आवर्तनांत नवी चाल तत्क्षणीं रचावयाची. आपला गवई राग-तालाच्या मर्यादेंत जें करतो त्याच्या हें नात्यांतलेंच आहे. मात्र येथें आधार एका अचल षड्जाचा नसून बदलत्या स्वरसंघांचा असतो.

या रस्त्यावर गाजलेल्या वादकांत आर्ट टेटम (१९०९–१९५६) हा अग्रगण्य. ओहायो प्रांतांतील टोलेडो गांवचा हा कृष्णवर्णीय वादक बालपणापासून जवळजवळ अंध होता. १९३२ सालीं एका गायिकेचा साथीदार म्हणून तो न्यूयॉर्कास आला. पुढच्या वर्षीं हार्लेममधील एका मद्यगृहांत जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर व विली ‘द लायन’ स्मिथ या तीन धुरंधरांशीं त्याचा सामना झाला, आणि ‘टी फॉर टू’ व ‘टायगर रॅग’ हीं दोन गाणीं वाजवून त्यानें तिघांसही निष्प्रभ केलें, असें सांगतात. १९३३ सालींच मुद्रित झालेला त्याचा ‘टायगर रॅग’ चिरंजीवांनीं आम्हांस तेथेंच पदपथावर ऐकविला. दोनच हात वाजवीत आहेत यावर विश्वास बसत नाहीं! डावा हात खालचा सूर व वरचा स्वरसंघ यांमध्यें झोंके घेतो आहे, आणि उजव्या हातांतून स्वरांचा नुसता धबधबा कोसळतो आहे.

तेथून वायव्येस अर्ध्या तासाच्या चालीवर त्रेसष्टाव्या रस्त्याचें पश्चिमेकडील टोंक लागतें. वाटेंत लिंकन सेंटरचीं भव्य संगीतगृहें दिसतात. तीं उभारण्यासाठीं येथील कृष्णवर्णीय व पोर्तो रिकोच्या लोकांची दाट वस्ती १९५० नंतरच्या दशकांत पाडण्यांत आली. संगीताच्या मंदिरासाठीं जीं घरें गेलीं त्यांतही संगीत होतेंच, पण तें कोण विचारतो? थेलोनियस मंक (१९१७–१९८२) ज्या इमारतींत वाढला ती मात्र शाबूत असून त्या जागेस त्याचें नांव दिलेलें आहे. वर सांगितलेला जेम्स पी. जॉन्सन तरुणपणीं याच वस्तींतील एका नाचघरांत वाजवीत असे, आणि डाव्या हाताच्या झोंक्याची ती परंपरा मंकच्या वादनांत अखेरपर्यंत दिसते.

मंक बोटें सपाट ठेवून वाजवी. शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाबी, मध्येंच थांबे. आतां पुढें कांहीं येतें कीं नाहीं अशी शंका यावी इतकें थांबे. १९५४ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं माइल्स डेव्हिसबरोबर मुद्रित केलेल्या ‘बॅग्ज् ग्रूव्ह’मध्यें तो दोन-चार सुरांचा एक इवलासा तुकडा घेतो, जरा फिरवून पाहतो, संपवितो, मग दुसरा घेतो.

चिरंजीव म्हणाले, “आजोबा, ह्यांना वाजवतां येत नाहीं का हो?”

हाच आक्षेप मंकच्या हयातींत पुष्कळ जाणत्यांनींही घेतला होता. त्यांत १९५१ सालीं अमली पदार्थांच्या प्रकरणांत पोलिसांनीं त्याचा परवाना काढून घेतला. मद्य मिळणाऱ्या ठिकाणीं वाजविण्यास हा परवाना लागे. त्यामुळें राहत्या शहरांतील क्लब त्याला सुमारें सहा वर्षें बंद झाले. १९५७ सालीं ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबांत तो पुन्हा बसला, तेव्हां कोठें लोकांच्या कानांवर त्याचें मोल पडलें.

आम्हीं मुलास इतकेंच म्हटलें, “बाळ, दोघांचेंही ऐकलेंस. आतां ज्याचें आठवेल त्याचें गुणगुणून दाखव.” त्याच्या तोंडून मंकचे तुकडे विरामांसकट आले. टेटमचा धबधबा येईना.

पण एवढ्यावरून टेटमला हिणवणें आम्हांस मान्य नाहीं. भारवीनें किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गांत ‘न’ या एकाच व्यंजनावर श्लोक रचला आहे. तो श्लोक रसिकास रडवीत नाहीं, हें उघड आहे. पण अर्थगौरवासाठीं ज्याचें नांव घेतात तोही हाच भारवि. मल्लिनाथानें त्याच्या वाणीस नारळाची उपमा दिली ती उगीच नव्हे. टेटमचेंही तसेंच आहे. उजव्या हाताच्या ताना बऱ्याच वेळां ठरीव असतात, एका गाण्यांतून दुसऱ्यांत जशाच्या तशा येतात. तें कवच समजावें. गर आहे तो खालच्या स्वरसंघांत. दोन परिचित स्वरसंघांच्या मध्यें तो भलत्याच दूरच्या प्रदेशांतून फिरून येतो आणि नेमक्या मात्रेवर घरीं परततो. पुढें थोर म्हणून गाजलेला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यानें, हार्लेममधील ज्या खाणावळींत टेटम वाजवी तेथें भांडीं घासण्याची नोकरी धरली होती, असें सांगतात. तो कांहीं ताना मोजण्यासाठीं तेथें राहिला नसावा. आमच्याकडेही तिहाई जुळली कीं टाळ्या पडतात. ती तेथें कां घेतली हें कोणी पुसत नाहीं.

सायंकाळीं भुयारी गाडीनें दक्षिणेस उतरून ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ पाहिला. १९३५ पासून हा क्लब सातव्या हमरस्त्यावरील याच तळघरांत आहे. जागा पाचरीसारखी निमुळती. सव्वाशेंहून अधिक माणूस मावत नाहीं. २५ जून १९६१, रविवार, या दिवशीं बिल इव्हान्स या पियानोवादकानें दुपारीं व रात्रीं मिळून पांच बैठकी येथें वाजविल्या. आपल्या पुतणीसाठीं केलेलें ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ त्यांतच आहे. इव्हान्सचें शिक्षण पक्कें होतें, बोटांत तयारीही होती. पण येथें तो ती दाखवीत नाहीं. चाल निम्मी सांगून हात आवरतो, आणि उरलेली स्कॉट लाफारोच्या बास या मोठ्या तंतुवाद्यास बोलूं देतो. त्या ध्वनिमुद्रणांत पेल्यांची किणकिण व श्रोत्यांच्या गप्पाही स्पष्ट ऐकूं येतात. लाफारो तेव्हां पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर अकराव्या दिवशीं मोटारीच्या अपघातांत तो वारला.