उरलेली तीन मिनिटं

खरं सांगा, 'आजकालच्या गाण्यांत काही दम नाही' हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी म्हणालात? मी गेल्या दिवाळीत म्हणालो. आणि म्हणताक्षणी दचकलो. आवाज माझा होता, पण वाक्य बाबांचं होतं!

झालं असं, की रात्रभर ट्रॅव्हल्सचे धक्के खात पुण्याहून दिग्रसला पोचलो. घरात पाऊल टाकतो तर दहावीतल्या भाच्याच्या मोबाईलवर गाणं वाजतंय. गाणं कसलं, गाण्यातले पंधरा सेकंद. तेच ते, पुन्हा पुन्हा. अर्धवट झोपेत माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. खुर्चीतल्या बाबांनी पेपर खाली केला. "मंग! मी काय सांगू रायलो होतो तुले?"

आयुष्यात पहिल्यांदा गाण्यांच्या बाबतीत आमचं एकमत झालं होतं. मला अजिबात आनंद झाला नाही.

कारण हेच बाबा माझ्या चौदाव्या वर्षी माझ्या गाण्यांना नाकं मुरडायचे. २००२ च्या सुमाराला रिमिक्सची लाट आली होती. मला तो प्रकार भयंकर आवडायचा आणि बाबा ती कॅसेट चिमटीत धरून गिऱ्हाइकाला द्यायचे, मेलेलं झुरळ द्यावं तशी. हो, गिऱ्हाइकाला. बसस्टँडजवळ बाबांचं कॅसेटचं दुकान होतं. १९८४ ते २००६, पूर्ण बावीस वर्षं.

दुकानाचा खरा धंदा तयार कॅसेटचा नव्हताच, 'भरून देण्या'चा होता. लोक कागदावर गाण्यांची यादी आणायचे. बाबा साठ मिनिटांची कोरी कॅसेट काढायचे, डबल डेकवर एकेक गाणं उतरवायचे आणि दोन दिवसांनी पुडीत बांधून द्यायचे. याला पायरसी म्हणतात, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. दिग्रसमध्ये त्याला 'सेवा' म्हणत. कापसाचे चुकारे हाती आले, की दुकानात पाय ठेवायला जागा नसे. नवं लुगडं, पोरांना कपडे आणि भरलेली एक कॅसेट असा तो हिशेब होता. चुकारे लांबले, की बाबांची उधारीची वही फुगायची.

पुढे एमपीथ्री सीडी आली. एका चकतीवर दीडशे गाणी. मग मोबाईलमधलं मेमरी कार्ड. २००६ मध्ये बाबांनी शटर ओढलं. आमच्या घरात त्याचं एकच अधिकृत कारण होतं, "गाने बिघडले, म्हून दुकान बसलं." आई, ताई, मी, सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. काही वाक्यं खरीखोटी करायची नसतात.

पण मी पडलो डेटावाला माणूस! ऑफिसात दिवसभर डॅशबोर्ड बनवतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी माळा झाडताना मला बाबांच्या दुकानाचं रजिस्टर सापडलं. लांबडं, लाल पुठ्ठ्याचं. तारीख, गाव, गाण्यांची यादी, रक्कम. प्रत्येक कॅसेटची नोंद. म्हणजे काय, तर १९८९ ते १९९४ या काळातला आख्ख्या परिसराचा हिट परेड माझ्या मांडीवर पडला होता. झाडू बाजूला ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

मला वाटलं होतं, यादीत लता, रफी, मदनमोहन असतील. बाबा ज्याला 'गाण्यांचा जमाना' म्हणतात तो. पण निघालं भलतंच. 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'खलनायक', 'राजा बाबू'. एप्रिल जवळ आला की भीमगीतं, आषाढीला प्रल्हाद शिंदे, लग्नसराईत तांड्यावरच्या लोकांची गोरमाटी गाणी. लता-रफी होते, पण जेवणातल्या लोणच्याएवढे.

आणि यातल्या काही हिंदी गाण्यांवरून तेव्हा काय रामायण झालं होतं, आठवतंय? 'खलनायक'मधलं गाणं १९९३ मध्ये कोर्टापर्यंत गेलं. 'खुद्दार'च्या गाण्यातला 'सेक्सी' हा शब्द १९९४ मध्ये बदलून 'बेबी' करावा लागला. तेव्हाच्या मोठ्यांच्या मते संगीत त्याच वर्षी मेलं होतं. आज त्याच गाण्यांना आपण 'नाइन्टीजची मेलडी' म्हणून ऑफिसच्या पार्टीत गळे काढतो.

मग मी आणखी मागे गेलो. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त. सिनेमाची गाणी त्यांना इतकी हलकी वाटत, की आकाशवाणीवरून ती जवळपास गायबच झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. तिथे त्याच वर्षी अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. शेवटी सरकारला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. म्हणजे बघा, ज्या काळाला बाबा सुवर्णयुग म्हणतात, त्याच काळातली गाणी त्या वेळच्या मंत्र्यांना बिघडलेली वाटत होती!

त्यात गंमत अशी, की गीतमालेतला नंबर रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवर ठरायचा. १९५७ सालच्या वार्षिक यादीत पहिला नंबर होता 'जनम जनम के फेरे'मधल्या गाण्याचा. 'प्यासा' त्याच वर्षीचा. आज 'प्यासा'च्या गाण्यांवर पुस्तकं निघतात आणि तो दुसरा सिनेमा किती जणांना आठवतो? चार्ट म्हणजे त्या आठवड्याचा ताप मोजायचं थर्मामीटर. त्यावरून माणसाची उंची कशी कळणार?

मानसशास्त्रवाले तर आणखी पुढे जातात. होलब्रूक आणि शिंडलर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं, की माणसाला सगळ्यात जास्त आवडतं ते साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी कानावर पडलेलं संगीत. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं 'जुनं ते सोनं' आत्ता, याच वर्षी घडतंय. सांभाळून!

आता खरं तेही सांगतो. सगळाच दोष कानांचा नाही. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये १९५५ ते २०१० या काळातली साडेचार लाखांहून जास्त पाश्चात्त्य गाणी कॉम्प्युटरवर तपासली. गाणी जास्त मोठ्या आवाजात रेकॉर्ड होऊ लागलीत आणि नादांची विविधता कमी झालीय, असं त्यात निघालं. अमेरिकेतल्या टॉप टेन गाण्यांत गायकाचा आवाज येण्याआधीचं संगीत १९८०च्या दशकाच्या मध्यात वीस सेकंदांहून जास्त असायचं, ते २०१५ पर्यंत पाचेक सेकंदांवर आलं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं. मग सतारीच्या तुकड्यासाठी कोण थांबणार? पूर्वीची गाणी तीन-साडेतीन मिनिटांची का, तर ७८ आरपीएमच्या तबकडीत तेवढंच मावायचं. डबा बदलला की आतली भाजीही त्याच्या आकाराची होते.

हे सगळं रंगीत ग्राफमध्ये मांडून मी संध्याकाळी बाबांसमोर बसलो. अप्रेजलला बसतो तसा. "बाबा, तुमचा डेटाच सांगतो. तुमच्या काळातही लोक असलीच गाणी मागत होते. गाणी बिघडलीबिघडली नाहीत. दुकान एमपीथ्रीनं बंद पडलं."

बोललो आणि स्वयंपाकघरात आईचा झारा थांबल्याचं ऐकू आलं.

बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, "हे मले मालूम नसन काय? मीच त भरले हे सारे गाने." रजिस्टर ओढून घेतलं, चष्मा चढवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे नाई पाह्यलं तू."

प्रत्येक यादीच्या शेवटी बारीक अक्षरात 'मा.प.' असं लिहून एक गाणं होतं. मी ते एखादं शॉर्टफॉर्म असेल म्हणून कॉलममधून उडवलं होतं. डेटा क्लीनिंग म्हणतात आमच्यात.

"मा.प. म्हंजे माह्या पसंतीचं," बाबा म्हणाले. यादीतली गाणी भरून झाली, की टेपवर दोन-तीन मिनिटं उरायची. कोरी जागा सोडून पैसे घेणं बाबांना पटायचं नाही. मग त्या जागेत ते आपल्या मनानं एक गाणं टाकायचे. फुकट. 'राजा बाबू'च्या शेवटी तलत मेहमूद. भीमगीतांच्या कॅसेटवर वामनदादा कर्डकांचं, फारसं न वाजणारं एखादं. "दोन महिन्यांनी तोच मानूस याचा, अन म्हनायचा, भाऊ, ते शेवटचं गानं कोनाचं हाय? तसे अजून द्या."

थोडं थांबून ते म्हणाले, "गाने नाई बिघडले रे. इचारनारं कोनी रायलं नाई."

त्यावर माझ्याकडे ग्राफ नव्हता.

परतीच्या प्रवासात तेच डोक्यात घोळत होतं. यादी तर माझ्या भाच्याकडेही आहे, माझ्याकडेही आहे. यादी संपली की ॲपही आपल्या मनानं पुढचं गाणं लावतंच. पण ते माझ्या कालच्या आवडीवरून लावतं. काल मिरची खाल्ली, आज घे आणखी मिरची. बाबा मिरची मागणाऱ्याच्या पुडीत गुळाचा खडा ठेवायचे. आणि त्याचं गाव, बोली, घरातलं लग्न की मयत, हे सगळं माहीत असल्यामुळे कुठला खडा ठेवायचा तेही त्यांना कळायचं. गाण्यांत घसरण झाली की नाही यावर पुढची शंभर वर्षं वाद घाला. ती उरलेली तीन मिनिटं मात्र गेली, एवढं नक्की.

निघायच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी भाच्याला म्हणालो, तुझ्या प्लेलिस्टच्या शेवटी एक गाणं आजोबांना टाकू दे. त्यानं चेहरा वाकडा केला, पण मोबाईल दिला. बाबांनी तो हातात घेतला आणि आधी भाच्याची आख्खी यादी ऐकून काढली. तासभर! मी मनात पैज लावली होती, तलत किंवा मदनमोहन.

बाबांनी 'सैराट'मधलं एक गाणं टाकलं. २०१६ चं. ज्यावर सगळे नाचतात ते नव्हे, संथ चालीचं.

मी विचारलं, "बाबा, जुनं का नाही टाकलंत?"

"जुनं कायले? गिऱ्हाईक पंधरा वर्साचं हाय," बाबा म्हणाले आणि सवयीनं शर्टाच्या खिशाला पेन चाचपायला लागले.