हंसाबाईंकडे पाहताना

बरीच वर्षं मी हंसा वाडकरांचे सिनेमे त्यांच्या आत्मचरित्राच्या आडून पाहत आले. कोवळ्या वयात सुरू झालेलं काम, त्यांच्या कमाईवर चालणारं घर, नवऱ्याचा जाच, दारू, मराठवाड्यातल्या एका घरात कोंडून काढलेले दिवस. आमचं कोपरगाव मागे टाकून वैजापूर गाठलं की मराठवाडाच लागतो. ते घर मला त्या वाटेवरचंच वाटायचं. पुढे त्याच आत्मचरित्रावर बेतलेला श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ पाहिला आणि हंसाबाईंच्या जागी स्मिता पाटीलचा व्याकूळ चेहरा कायमचा बसला. पुस्तक तेवढं खरं, पडद्यावरचं नाचणं म्हणजे एका दुःखी बाईकडून करवून घेतलेली मजुरी, असं मी ठामपणे मानत होते.

आता तसं मानत नाही.

याला एक अमेरिकी वेस्टर्नही कारण झाला. 1952च्या ‘हाय नून’मध्ये गुंड येणार म्हटल्यावर सगळं गाव मार्शलला एकटं सोडतं. मेक्सिकोहून आलेल्या केटी हुरादोची हेलन त्या गावाला पुरती ओळखून असते. आपला धंदा विकून ती गाव सोडते. परक्या भाषेत बोलणारी ही नटी प्रत्येक प्रसंग ताब्यात घेते. पण शेवटचा निवाडा बंदुकीनंच होतो.

आपल्या तमाशापटात निवाडा कसा होतो, हे पाहायला मी अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुन्हा लावला. 1959चा हा सिनेमा पुण्याच्या विजयानंदमध्ये अडीच वर्षं चालला. गाडाशर्यत जिंकलेल्या गरीब शेतकऱ्याचा पाटील सूड घेतो, गंजी पेटवतो, त्याचा जीव घेतो, त्याच्या बायकोची अब्रू लुटतो. तिची पोर वाढवते ती तमासगीर बाई, म्हणजे हंसाबाई. आणि पाटलाचं पाप उघडं पडतं ते भर तमाशात, साऱ्या गावासमोर. हत्यार एकच, बाईची वाणी. ‘बुगडी माझी सांडली गं’ जयश्री गडकरांच्या वाट्याला आलं, पण मी या वेळी हंसाबाईंवरून नजर हलवली नाही. ती ऐट आतून आलेली आहे. 1947च्या ‘लोकशाहीर राम जोशी’तली त्यांची बयाही पाहा, कुणापुढे दबत नाही.

हीच बाई 1966 साली ‘माणूस’ साप्ताहिकासाठी पत्रकार अरुण साधूंपुढे आपलं आयुष्य बोलली, त्याचंच पुढे आत्मचरित्र झालं. दया मागितली नाही, स्वतःचं व्यसन लपवलं नाही. चारचौघांत असं उभं राहायचं बळ त्यांना कुठून मिळालं? माझं उत्तर आहे, कॅमेऱ्यासमोरच्या तमाशाच्या बोर्डावरून. पुस्तकाला मी सिनेमाचा प्रतिवाद समजत होते. मला आता ते त्याच कामाचं पुढचं पाऊल वाटतं.

माझी एक मैत्रीण म्हणते, तू शोषणाला रंग फासतेस. हंसाबाईंनी मिळवलेला पैसा त्यांच्या हाती राहिला नाही, याचा संताप मला आजही येतो. पण त्या संतापापायी त्यांची कला नाकारली, तर आपणही त्यांच्याकडून काहीतरी हिसकावूनच घेतो. म्हणून कॉलेजच्या मुलांना ‘भूमिका’ दाखवणाऱ्यांना मी विनवते, आधी ‘राम जोशी’ दाखवा.