फिर्याद करणाऱ्यालाच शिक्षा

गेल्या उन्हाळ्यात अम्मीला दवाखान्यात दाखवायला जळकोटहून उदगीरला निघालो होतो. गाडी जुनी, पेट्रोलची. वाटेत समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी पळत होती, पण थांबवली की इंजिन धडधडायचं. अम्मी म्हणाली, "बेटा, परत फिरायचं का?"

दिवा स्थिर होता, म्हणून हळूहळू पोहोचलो. हाच दिवा उघडझाप करू लागला तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करावी. तेव्हा बहुतेक सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नसतं आणि ते पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

तपासणीनंतर एका गॅरेजात गेलो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खाचेत पोरानं स्कॅनर लावला. कोड आला, पी ०१७१. "सर, ऑक्सिजन सेन्सर गेलंय. बदलावं लागतंय." अम्मीच्या औषधांसाठी आणलेले पैसे तिथं गेले. कोड पुसला, दिवा विझला. तिसऱ्या दिवशी तोच दिवा, तोच कोड.

मग मी शिक्षकाच्या सवयीनं त्या कोडचं व्याकरण समजून घेतलं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरचा भाग. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ही पद्धत सक्तीची झाली, नंतर आपल्याकडेही आली. त्यापुढचा एक म्हणजे हवा-इंधनाचा मामला. शेवटचे ७१ म्हणजे मिश्रण पातळ : हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. धुरातला ऑक्सिजन मोजून सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. वाढवूनही भागेना, की दिवा लागतो. म्हणजे 'सेन्सर खराब' असं कोडनं म्हटलंच नव्हतं.

दुसरे मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी इंजिन चालू ठेवून नळ्यांवर कान दिला. वाकणाशी चिरलेली एक रबरी नळी सापडली. तिथून फुकटची हवा आत जात होती. दीडशे रुपयांत काम झालं. म्हणाले, "सर, सेन्सरनं फिर्याद केली, अन् तुम्ही फिर्यादीलाच घराबाहेर काढलं की!"

मी हसलो, पण घरी येताना वर्गातला एक मुलगा आठवत राहिला. मराठीच्या तासाला तो सारखा शेजाऱ्याशी बोलायचा. वहीत अर्धे शब्द चुकलेले. मी 'लक्ष नाही' असा शेरा मारून त्याला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. एकदा तो म्हणालाही होता, "सर, मैं उससे पूछ रहा था, फळ्यावर क्या लिखा है." मला ते उलट उत्तर वाटलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्याला पुढं बसवलं आणि अब्बांना निरोप धाडला, डोळे तपासून घ्या. चष्मा लागला. शेरा मात्र जुन्या वहीत तसाच आहे. माझ्याच अक्षरात, लाल शाईत.

तुमच्या गाडीचा दिवा लागला तर कोड आधी कागदावर लिहून घ्या, मगच पुसू द्या. पुसताना बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते. आणि मिस्त्रीला 'काय बदलायचं?' विचारण्याआधी 'हे कशामुळं झालं?' असं विचारा.