मामी, वाघ्या आणि मेटासेंटर

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायव्हात मला विचारलं होतं, "मेटासेंटर म्हणजे काय?" मी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. मार्कही चांगले पडले. मेटासेंटर म्हणजे खरोखर काय, हे मात्र मला त्यानंतरच्या दिवाळीत कळलं, छातीइतक्या पाण्यात उभं राहून.

मी आष्टीचा. (बीडची आष्टी नव्हे! हॉस्टेलवर सगळे तीच समजतात. आमची आष्टी परतूर तालुक्यातली, जिल्हा जालना.) आमच्याकडून दक्षिणेला गेलं की गोदाकाठ लागतो. मामाचं गाव तिकडंच. गोदावरीवर बंधारे झाले, पाणी अडलं, ऊस आला. पण फुगवट्याचं पाणी गावच्या नाल्यातही घुसलं. घर अलीकडं, चार एकर पलीकडं. फेऱ्यानं गेलं तर सात किलोमीटर, सरळ गेलं तर साठ-सत्तर फूट पाणी. मध्ये ते माणूसभर खोल आहे.

मामाकडं थर्माकोलचा चप्पू होता. असे चप्पू मराठवाड्यात नवे नाहीत. गंगापूर तालुक्यातल्या भिव धनोऱ्याची पोरं थर्माकोलवर बसून जायकवाडीचं पाणी ओलांडून शाळेत जातात, ही बातमी २०२२ मध्ये पेपरात आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिची स्वतःहून दखल घेतली. थर्माकोल तरंगतं झकास. एक घनमीटर थर्माकोल नऊशे किलोच्या वर वजन पेलतं. पण त्याला उंदीर कुरतडतात, उन्हानं त्याचा भुगा होतो आणि कोपरे तुटतात. मामाच्या चप्पूचे तीन कोपरे गेले होते.

"भाचेराव, तुम्ही इंजिनेर. एखादी चांगली होडी सुचवा," मामा म्हणाला.

मी लगेच वही काढली. कधी मामा एकटा जाणार, कधी मामा-मामी दोघं. आणि वाघ्या! हे कुत्रं मामाला सोडून राहतच नाही. मामा ६५ किलो, मामी ५५, वाघ्या २०. एकूण १४०.

माझ्या डोक्यात तारकर्लीचा कयाक होता. कॉलेजच्या सहलीत करलीच्या खाडीत आम्ही तो चालवला होता. मूळ कयाक एस्किमो लोकांचा, सीलचं कातडं ताणून केलेला, एका माणसाचा. तारकर्लीचा जाड प्लॅस्टिकचा होता, वर उघडा, बसायला तीन खळगे. एकटे असाल तर मधल्या खळग्यात बसा, दोघं असाल तर पुढच्या-मागच्या. मामाच्या कामाला याहून बरी वस्तू नाही, हे मी आजही म्हणतो. पण किंमत ऐकून मामा म्हणाला, "तेवढ्यात कालवड येते की."

मग मी कयाकची नक्कल करायची ठरवली. लांब आणि अरुंद. दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम एकामागे एक बांधले आणि वर फळी ठोकली. कागदावर ३८० किलो उचलत होतं. फॅक्टर ऑफ सेफ्टी अडीचच्या वर! आणखी काय पाहिजे?

मामा फळीवर बसला. मी ढकललं. ड्रम ओंडक्यासारखे गर्रकन फिरले आणि मामा पाण्यात. काठाजवळ होतो म्हणून बरं. त्याला धरायला गेलो तर मीही पाय घसरून आत. वाघ्या पहिल्यापासून चढायलाच तयार नव्हता. तो काठावर बसून भुंकत होता.

कारण आमच्याच पुस्तकात होतं. गोल ड्रम कितीही कलला तरी पाण्याचा वर ढकलणारा जोर त्याच्या मध्यातूनच जातो, म्हणजे मेटासेंटर ड्रमच्या आसावर. माणूस त्याच्या वर बसला की गुरुत्वमध्यही वर गेला. मग उलटणारच. तरंगणं वेगळं आणि सरळ राहणं वेगळं. मी फक्त पहिल्याचं गणित केलं होतं.

मामी इतका वेळ काही बोलली नव्हती. रात्री वाढता वाढता म्हणाली, "यात मला बसवणार व्हता ना? मला पवता येत न्हाई, ठावं हाय ना तुला?" माझा घास घशात अडकला. मग म्हणाली, "आन् एकटं जायचं म्हंजे ह्येच कामून? कापसाला मीच जाते रोज. मला एकटीला वढता आली पाहिजे."

माझ्या वहीत 'एकटा' असं लिहिलं होतं. मी ते खोडून 'एकटी' केलं, तेव्हा सगळं डिझाइनच बदललं.

चार मोठे ड्रम घेतले तर तिला ओढवले नसते. म्हणून पन्नास लिटरचे आठ कॅन घेतले (खायच्या तेलाचे, फवारणीच्या औषधाचे नव्हे). चार डाव्या बाजूला, चार उजव्या, ओळींमध्ये तीन फूट अंतर, वर बांबूचा सांगाडा. स्थिरतेच्या सूत्रात रुंदीचा घन येतो. रुंदी दीडपट केली की हिशेब तिपटीच्या वर जातो. बसायची फळी बांबूच्या खाली, दोन ओळींच्या मध्ये टांगली, म्हणजे वजन खाली राहतं. फळी खुंट्यांवर सरकते: एकटं माणूस मध्ये, दोघं असले तर दुसरी फळी लावून पुढं-मागं. सगळं मिळून चाळीसेक किलो. एक टोक उचललं की मामी ओढत नेते. तिघं बसले तरी कॅन निम्मेसुद्धा बुडत नाहीत.

वाघ्याला जागा मधोमध. त्याची नखं घसरू नयेत म्हणून तिथं गोणपाट बांधलं. आठवडाभर तराफा अंगणातच ठेवून त्याला त्यावर भाकरी टाकली. आता पाण्यात ढकलायच्या आधीच तो गोणपाटावर जाऊन बसतो.

पहिल्या दिवशी मामी गेली तेव्हा मी कमरेला दोर बांधून बाजूनं पोहत होतो. ती मधोमध पोचल्यावर वाघ्या उठून कडेला आला. तराफा थोडा कलला आणि परत सरळ झाला. मामीनं त्याला एक शिवी हासडली आणि वल्हं मारत राहिली.

मेसचे पैसे वाचवून मी दोन लाइफ जॅकेटं घेऊन दिली. मामी रोज घालते, पदरावरून. मामाचं अजून खुंटीलाच आहे. "मला पवता येतंय की," म्हणतो.