शंभर मीटरांच्या आंत

चंद्रपुरांत पठाणपुरा दरवाजाच्या बाजूस आमचें वडिलोपार्जित घर आहे. घरांत माणसें अकरा आणि खोल्या चार. तशांत गतवर्षीं धाकट्या चिरंजीवाचें लग्न ठरलें. "अण्णा, वर माडी चढवूं," असें थोरला म्हणाला व मलाही तें पटलें. विटांची पहिली गाडीसुद्धां येऊन पडली. नकाशा घेऊन अभियंत्याकडे गेलों, तों त्यानें नकाशा उघडलाही नाहीं, "परकोट किती दूर?" एवढेंच विचारलें.

टेप लावून मोजलें. बासष्ट मीटर भरले!

गोंड राजांचा हा परकोट, सुमारें अकरा किलोमीटरांचा, चार दरवाजे नि पांच खिडक्यांचा, केंद्र सरकारचें संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीनें स्मारकापासून शंभर मीटरांत नवें बांधकाम निषिद्ध ठरलें. त्यापुढील दोनशें मीटरांत तें परवानगीनें करतां येतें. मीं कायदा मिळवून वाचला. 'बांधकाम' ह्या शब्दाच्या व्याख्येंत जुन्या घराची उभी वा आडवी वाढही घातली आहे. दुरुस्ती मात्र वगळली आहे. जन्मभर मुलांना अतिव्याप्ति शिकविली, पण तिचा असा प्रत्यय प्रथमच आला. एखाद्या देवळाभोंवतीं शंभर मीटर सोडणें समजतें. येथें स्मारकाच्या पोटांतच गांव वसलेलें आहे!

"दुरुस्तीचा अर्ज करूं आणि माडी बांधूं," थोरला म्हणाला. दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असें मीं त्यास वाचून दाखविलें. तो संतापला. २०१७ सालीं इको-प्रोच्या तरुणांनीं परकोटावरचीं झुडुपें काढण्यास आरंभ केला, तेव्हां मीही चार दिवस सकाळीं विळा घेऊन गेलों होतों. त्याची आठवण देऊन तो म्हणाला, "भिंतीची सेवा तुम्हीच केलीत. आतां धाकट्यानें निजावें कोठें, तें तिलाच विचारा."

मजजवळ उत्तर नव्हतें. दोन दिवस बापलेकांचें बोलणें बंद होतें.

तोड काढली ती आमच्या मंडळींनीं. "पोथ्यांना एवढी खोली कशाला?" इतकेंच त्या म्हणाल्या.

घर १६ जून १९९२ च्या पूर्वींचें, म्हणून गळक्या छपराच्या दुरुस्तीपुरता अर्ज मीं रीतसर केला. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर परवानगी मिळाली. माझी अभ्यासिका नवदांपत्यास गेली. ग्रंथांच्या तीन पेट्या पडवींत आल्या. थोरल्यानेंच त्या उचलून आणल्या आणि ओल लागूं नये म्हणून खालीं विटा रचल्या. माडीसाठीं आणलेल्या, त्याच.