तीन तासांचे वर्तुळ

नवे कॅलेंडर घरात आले की काही माणसे आधी संक्रांत कधी आहे ते पाहतात आणि काही माणसे आधी तांबडे आकडे मोजतात. आमच्या घरात दोन्ही जातींची माणसे असल्यामुळे भिंतीवर खिळा ठोकण्यापूर्वीच कॅलेंडराची पाने चुरगळतात. २०२६ चे कॅलेंडर आले त्या संध्याकाळी ह्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवले आणि म्हणाले, "चोवीसला चौथा शनिवार, पंचवीसला रविवार आणि सव्वीस जानेवारी सोमवारी!"

बँकेत उभा जन्म काढलेला माणूस हे वाक्य ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात इतर लोक घरात पाळणा हलल्याची बातमी सांगतात. २०१५ साली बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला, तेव्हापासून ह्यांचे हे असे चालू आहे. मी भाजी निवडत होते. मान वर न करता "बरं मग?" म्हणाले.

"जायचं का कुठं?"

प्रश्न अगदी साधा. आमच्या सोसायटीत तो दर जोडून सुट्टीला चौदा बिऱ्हाडांत विचारला जातो, आणि शनिवारी पहाटे गाड्या भुर्रकन बाहेर पडतात. पण आमच्या घरात तो अकरा वर्षांनी विचारला गेला होता. भाजीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली.

२०१४ च्या पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांनी अंथरूण धरले. मे २०२५ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या. मधल्या काळात आम्ही दोघे मिळून एकही रात्र घराबाहेर राहिलो नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मदतीला बाई असत, रात्र आमची. एका ग्रंथालयात माझी बरी नोकरी होती, ती मी पहिल्याच वर्षी सोडली. हे मी गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. सासूबाई फार गोड होत्या, असेही सांगणार नाही. त्या जशा होत्या तशा होत्या, आणि त्यांच्या उशाशी एक छोटी पितळी घंटा होती. ती वाजली की उठायचे. लग्नकार्याला एकाने जायचे, एकाने राहायचे. माझ्या भाच्याच्या लग्नातल्या फोटोत मी एकटी आहे, ह्यांच्या मित्राच्या साठीशांतीच्या फोटोत हे एकटे आहेत. ते फोटो पाहून कुणी परका म्हणेल, ह्या दोघांचे पटत नसावे.

तेव्हा "कुठे जायचे?" ह्या प्रश्नावर आनंदाने उडी मारायला हवी होती. प्रत्यक्षात काय झाले? मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तिथं." हे म्हणाले, "छे, तू म्हणशील तिथं." मी म्हणाले, "मला काय, कुठंही चालेल." हे म्हणाले, "मलाही." दोन शहाणी माणसे दारात उभी राहून 'आधी आपण' करू लागली की दोघेही बाहेरच राहतात, तसे आमचे चार दिवस झाले. लग्नाला चौतीस वर्षे झालेली! ह्यांना आमटी किती आंबट लागते, कोणत्या कुशीवर झोप लागते, हे मला पाठ आहे. पण तीन दिवस मोकळे मिळाले तर ह्या माणसाला काय करावेसे वाटेल, हे मला सांगता येईना. आणि ह्यांनाही माझ्याबद्दल येईना.

शेवटी ह्यांनी बँकेच्या पद्धतीने मार्ग काढला. एका वहीत रकाने आखले: ठिकाण, अंतर, लागणारा वेळ, भाडे, शेरा. पहिल्या ओळीत लोणावळा. त्यापुढे शेरा माझ्याच सांगण्यावरून 'गर्दी' असा पडला. जोडून सुट्टीत लोणावळ्याला जाणे म्हणजे लक्ष्मी रोडवरची माणसे डोंगरावर नेऊन पाहणे. पुढे महाबळेश्वर. तिथे आम्ही १९९१ साली लग्नानंतर एस.टी.ने गेलो होतो. साडेचार हजार फुटांवरची हवा, जानेवारीत स्ट्रॉबेरीचे दिवस, सगळे कबूल. पण तीन दिवसांतला अर्धा दिवस पसरणीच्या घाटात पुढच्या गाडीचा नंबर पाठ करण्यात जाणार. शिवाय तिथे 'पॉइंट' आहेत. पॉइंट असले की ते पाहावे लागतात, आणि न पाहिलेल्या पॉइंटाबद्दल परत आल्यावर शेजारी हळहळतात.

माथेरानच्या ओळीवर मात्र आम्ही दोघेही जरा रेंगाळलो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनी १८५० साली ह्या डोंगराची वाट धुंडाळली आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्याने नेरळहून वर छोटी आगगाडी नेली, हे ह्यांनी मला वाचून दाखवले. गावात मोटारी नाहीत. त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे तांबड्या मातीतून पायी, नाही तर घोड्यावर. पूर्वी माणसांनी ओढायच्या हातरिक्षा असत. त्या सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. बरे झाले. माणसाच्या छातीचा भाता ऐकत कुणाला झाडी कशी पाहवत असे, मला कळत नाही. मोटारीचा आवाज नाही म्हणून माथेरानपुढे मी चांगला शेरा दिला. पण ह्यांचा उजवा गुडघा आठवला आणि खाली 'चढउतार' असे लिहून ठेवले.

मग वाई. "शांत गाव आहे," हे म्हणाले. "कृष्णेचा घाट, रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, आणि जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. तिथं ती मोठी घंटा आहे, बघ. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या मोहिमेतून आलेली."

"घंटा नको," मी म्हणाले.

हे हसले, आणि मग हसू अर्धेच राहिले. घरात जरा वेळ कोणी बोलले नाही.

एव्हाना आमच्या बेताची वार्ता बाहेर गेली होती. बंगळूरहून लेकीचा फोन आला, "आई, गोव्याला जा! तुम्ही दोघं कधी गेलाच नाही." तिने मोबाइलवर एकेका हॉटेलाची छायाचित्रे धाडली. प्रत्येकात एक निळा तलाव, एक झोपाळा आणि झोपाळ्यावर पाठमोरी बसलेली एक बाई. खाली लोकांचे अभिप्राय. एकाने लिहिलेले, 'अतिशय शांत'. दुसऱ्याने त्याच जागेबद्दल, 'अतिशय ओसाड'. एकाला न्याहरी अमृतासारखी लागलेली, दुसऱ्याला पोहे गार मिळालेले. वाचता वाचता माझ्या लक्षात आले, की हे सगळे लोक आपापल्या घरातले काहीतरी बरोबर घेऊन तिथे गेले होते आणि त्याचेच वर्णन करत होते. गोवा मी नाकारला तो मात्र फक्त अंतरासाठी. तीन दिवसांतले दोन गाडीत घालवायचे वय आमचे आता नाही.

दुसरी अडचण मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "जा हो, जरूर जा. पण वर्षाच्या आत... म्हणून विचारलं." सासूबाईंचे वर्षश्राद्ध मे महिन्यात यायचे होते. त्या साली आम्ही दिवाळीला कंदील लावला नव्हता, संक्रांतीचे हळदीकुंकूही करणार नव्हतो. मग सहल? काकूंनी तोडगाही सुचवला. नाशिक-त्र्यंबकेश्वर करून यावे, म्हणजे देवाचे दर्शन होईल आणि कुणाला बोलायला जागा राहणार नाही. तोडगा ह्यांना पटल्यासारखा दिसला. वहीत त्र्यंबकेश्वरची ओळ वाढली.

मला खरी धास्ती वन्संची होती. त्या दादरला असतात, रीतभात चोख पाळतात. त्यांना कळवल्याशिवाय निघायचे नाही, असे मीच ठरवले आणि मीच फोन केला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, अकरा वर्षांत मी चार दिवस येऊन आईपाशी राहिले असते, तर तुम्ही तेव्हाच गेला असता. आता कसलं वर्ष विचारतेस? जा." आणि फोन ठेवला. मी हे ह्यांना शब्दशः सांगितले नाही. "वन्सं जा म्हणाल्या," एवढेच सांगितले. ती बहीणभावांची गोष्ट आहे. त्यांची त्यांना बोलता येईल तेव्हा बोलतील.

त्या रात्री मी वही हातात घेतली. लोणावळा, पानशेत, महाबळेश्वर, माथेरान, वाई. 'लागणारा वेळ' ह्या रकान्यावरून सहज नजर फिरली. दीड तास, सव्वा तास, तीन तास, पावणेतीन तास, दोन तास. तीनच्या वर एकही आकडा नाही. गोवा लेकीने सुचवलेला, त्र्यंबकेश्वर काकूंनी. ह्यांनी आपल्या हाताने लिहिलेले एकही ठिकाण तीन तासांपलीकडचे नव्हते.

वाचकहो, हे तीन तास कुठून आले ते सांगते. बाई नऊला येत, सहाला जात. म्हणजे तीन तास जायला, तीन तास यायला आणि मधले तीन तास सहल. वर्षातून एखाद्या रविवारी आम्ही असे निघत असू, आणि चहा पिताना, देवळात उभे असताना, प्रत्येक ठिकाणी घड्याळ पाहत असू. पुण्याभोवती तीन तासांचे एक वर्तुळ होते. त्याच्याबाहेर महाराष्ट्र आहे, हे आम्हाला भूगोलात शिकवले होते तेवढेच.

मी विचारले, "अहो, तीन तासांत घरी परत यायचंय ते कुणासाठी?"

ह्यांना आधी कळलेच नाही. मी रकाना दाखवला. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आकडे पुन्हा वाचले, बेरजेत चूक सापडावी तसे. मग त्या खोलीकडे पाहिले. भाड्याने आणलेली खाट जूनमध्येच परत गेली होती. तिथे आता इस्त्रीचे टेबल आहे. "सवय," हे म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "तुला खरंच कुठं जायचंय? मला विचारून सांगू नकोस."

आणि काय आश्चर्य, माझ्या तोंडून ताबडतोब निघाले, "समुद्रावर."

समुद्रावर का? तिथे पाहायचे असे काही नसते म्हणून. तो एकच असतो, समोर असतो, आणि त्याला आपण आल्याचे काही वाटत नाही. रात्री त्याचा आवाज येतो, पण त्या आवाजाला उठावे लागत नाही. एवढे सगळे मी बोलले नाही. "समुद्रावर," एवढेच म्हणाले, आणि ह्यांनी नकाशा उघडला.

गुहागर निघाले. पुण्याहून सातारा, उंब्रजला उजवीकडे वळून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून खाली. सहा तासांचा रस्ता. लांबच लांब वाळू, कडेला सुरूची झाडे, माडा-पोफळींच्या बागा आणि गावात व्याडेश्वराचे देऊळ. खानावळ घरगुती. ह्यांनी सगळे उत्साहाने लिहून घेतले आणि लिहिता लिहिता म्हणाले, "तिथून हेदवी जवळ आहे. दशभुजा गणपती. आईचा फार भाव होता त्याच्यावर. तिच्या नावानं—"

इथे माझी परीक्षा होती, असे मला वाटते. हो म्हणणे सोपे होते. अकरा वर्षे तोच शब्द जिभेवर होता. सासूबाईंचा मला राग नव्हता. पण ह्या तीन दिवसांत आमच्याबरोबर तिसरे माणूस मला नको होते, देवाच्या रूपानेही नको होते. मी म्हणाले, "हेदवीला मे महिन्यात जाऊ, वर्षश्राद्ध झाल्यावर. वन्संनाही बोलावू. ह्या वेळी आपण दोघंच."

हे काही बोलले नाहीत. पेन हातात घेऊन थोडे थांबले. मग 'हेदवी' ह्या शब्दावर रेघ ओढली आणि पुढच्या पानावर, मे महिन्याखाली, तो शब्द पुन्हा नीट लिहिला. बँकेचा माणूस, खाते बंद करायचे नाही, वर्ग करायचे.

शनिवारी पहाटे साडेसहाला आम्ही गाडी काढली. खंबाटकीच्या घाटात व्हायची तेवढी गर्दी झाली आणि साडेनऊच्या सुमारास, उंब्रजच्या अलीकडेच, आमचे तीन तास संपले. ह्यांनी घड्याळ पाहिले, मीही पाहिले. पाटणला चहाला थांबलो तेव्हा ह्यांनी खिशातून फोन काढला. पूर्वी थांबलो की घरी फोन करून 'जेवली का, औषध दिलं का' विचारायचे, तो हात आपोआप गेला होता.

"कुणाला करताय?" मी विचारले.

"कुणाला नाही," हे म्हणाले, आणि आणखी दोन चहा सांगितले.

गुहागरला पोहोचायला एक वाजून गेला. समुद्र माडांच्या मागे होता, दिसत नव्हता. आवाज येत होता. खानावळीच्या बाईंनी पाण्याचे तांबे ठेवले आणि पाने मांडता मांडता विचारले, "मागून कुणी यायचंय का?"

"नाही," हे म्हणाले. "दोनच पानं वाढा."